शहरं वाढतात, त्याचा दोष गावाकडच्या माणसावर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगातल्या शहरांच्या वाढीवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. त्यातल्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. १९५० मध्ये जगातली ३० टक्के माणसं शहरात राहत होती, २०१८ मध्ये ५५ टक्के, आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाचा अंदाज आहे. शहरांत पडणाऱ्या या भरीपैकी जवळपास ९० टक्के भर आशिया आणि आफ्रिकेत पडणार, हेही त्याच अहवालात आहे. माझं भांडण आहे ते लेखात पुढे दिलेल्या कारणाशी. विकसित देशांत शहरं बेताबेताने, टप्प्याटप्प्याने वाढली. विकसनशील देशांत मात्र खेड्यांतली माणसं शेती टाकून शहरांवर धावून येत आहेत, म्हणून तिथला नागरीकरणाचा दर एवढा चढा आहे, असं लेखकाने म्हटलं आहे.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. विकसित आणि विकसनशील देशांतल्या नागरीकरणाच्या दरांत फरक का, हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा आणि बहुतेक उत्तरपत्रिकांत हेच उत्तर असायचं. मुलांना काय बोल लावणार? त्यांना सगळीकडे हेच वाचायला मिळत होतं. पण हीच मुलं पुढे अधिकारी होतात, लोकप्रतिनिधी होतात, पत्रकार होतात आणि परीक्षेत गुण मिळवून देणारं ते वाक्य खरं धरून निर्णय घेतात. त्या निर्णयांची किंमत शहराच्या कडेला ज्यांनी बिऱ्हाड थाटलंय त्यांना मोजावी लागते. म्हणून मला हे सोडून देता येत नाही.

आधी साधं गणित पाहू. मी वर्गात दोन काल्पनिक देश फळ्यावर मांडायचे. दोघांची लोकसंख्या दहा-दहा लाख. पहिल्या देशात शहरात राहणारे २ लाख, खेड्यात ८ लाख. दुसऱ्यात नेमकं उलट, शहरात ८ लाख आणि खेड्यात २ लाख. आता धरून चाला की दोन्ही देशांतल्या खेडुतांची गाव सोडण्याची ओढ अगदी सारखी आहे: दर वर्षी शंभरातला एक माणूस शहरात जातो. पहिल्या देशात ८ हजार माणसं शहरात गेली आणि २ लाखांचं शहर एका वर्षात ४ टक्क्यांनी वाढलं. दुसऱ्या देशात गेली २ हजार. ८ लाखांच्या शहराला त्याची झळ किती, तर पाव टक्का. माणसांचं वागणं तसूभरही वेगळं नाही, आणि वाढीच्या दरात सोळा पटींचा फरक! फळ्यावर हे उतरलं की वर्गात क्षणभर कुणी बोलत नसे. मग कुणीतरी विचारायचं, ‘म्हणजे दुसऱ्या देशात जायला माणसंच उरली नाहीत?’ नेमकं तेच.

२०१८ मध्ये उत्तर अमेरिकेत ८२ टक्के, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमध्ये ८१ टक्के, युरोपात ७४ टक्के लोक शहरी होते. आशियात निम्म्याच्या आसपास, आफ्रिकेत ४३ टक्के. जिथे पाचातली चार माणसं आधीच शहरात आहेत तिथे टक्का वाढून वाढून वाढणार किती? अमेरिकेत १९०० च्या सुमारास कामकऱ्यांपैकी ४० टक्के शेतीत होते. शतक संपताना दोन टक्केही राहिले नाहीत. शेतीतून बाहेर पडायचं ते पडून झालं. नागरीकरणाचा आलेख सुरुवातीला सपाट, मध्ये उभा चढ आणि वर पुन्हा सपाट असा जातो, हे भूगोलाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. विकसित देश वरच्या सपाटीवर आहेत, बरेचसे विकसनशील देश चढावर. चढावरच्या माणसाची सपाटीवरच्या माणसाशी तुलना करून ‘हा फार वेगात निघालाय’ म्हणण्यात काय अर्थ?

तुलना करायचीच तर चढाची चढाशी करावी. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७९ मध्ये ती करून दाखवली. १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांत विकसनशील देशांतला शहरी टक्का १६.७ वरून २८ वर गेला. आज ज्यांना आपण विकसित म्हणतो ते देश याच पायरीवर होते तेव्हा, म्हणजे १८७५ ते १९०० या काळात, त्यांचा टक्का १७.२ वरून २६.१ वर गेला होता. फरक आहे, पण तो जेमतेम अडीच टक्क्यांचा. गावाकडून शहराकडे झुकण्याचा वेग दोन्ही काळांत जवळपास सारखाच. मग आपल्या डोळ्यांना जो प्रचंड फरक दिसतो तो कुठला? तो टक्क्यात नसून डोक्यांच्या संख्येत आहे. त्या युरोप-अमेरिकेतली शहरी लोकसंख्या पंचवीस वर्षांत दुप्पट झाली होती, विकसनशील देशांतली जवळजवळ तिप्पट झाली. कारण शहरांबरोबर खेडीही वाढत होती. अख्खा देशच वाढत होता.

आपल्या लेखात टक्का वाढण्याचा वेग आणि शहरी माणसांची संख्या वाढण्याचा वेग या दोन्ही गोष्टी एकाच ‘दर’ या नावाखाली आल्या आहेत. सगळा घोळ तिथून सुरू होतो. देशातली खेडी आणि शहरं सारख्याच गतीने वाढली, तर शहरात दर वर्षी लाखो माणसांची भर पडेल, नळ कोरडे पडतील, शाळा भरून वाहतील, आणि तरीही नागरीकरणाचा टक्का जागचा हलणार नाही.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाच्या कारणाकडे येते. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. ते कारण म्हणजे शहरातले जन्म आणि शहरातले मृत्यू.

एकोणिसाव्या शतकातली युरोपातली शहरं माणसं खाणारी शहरं होती. इंग्लंडमध्ये संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८४१ च्या सुमाराच्या नोंदींवरून आयुर्मानाचे तक्ते केले. सरे या ग्रामीण परगण्यात जन्मलेल्या मुलाला सरासरी ४५ वर्षं आयुष्य होतं, लंडनमध्ये ३७ आणि लिव्हरपूलमध्ये अवघी २६. लिव्हरपूल तेव्हा जगातल्या श्रीमंत बंदरांपैकी एक होतं, तरी ही स्थिती. तळघरात, ओल्या जमिनीवर कुटुंबंच्या कुटुंबं राहत. मैल्याचे खड्डे आणि पाण्याचे पंप शेजारी शेजारी. १८३२ पासून पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथी येत राहिल्या. लंडनचं तर अठराव्या शतकातलं बरंच आयुष्य असं गेलं की चर्चच्या वहीत नव्या बाळांच्या बाप्तिस्म्यांपेक्षा दफनांच्या नोंदी जास्त. असं शहर नुसतं आहे तेवढं टिकवायचं तरी बाहेरून माणसं यावी लागत. येणाऱ्यांतले कितीतरी जण आधी मेलेल्यांची जागा भरून काढण्यातच खर्ची पडत. ‘बेताने वाढली’ असं आपले लेखक म्हणतात, त्या बेतामागे हे आहे. त्या बेतात नियोजन फार थोडं होतं, पटकी, क्षय आणि विषमज्वर पुष्कळ होते.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं औषध फासून कामकाज चालवावं लागलं. खासदारांच्या नाकाशी आल्यावर पैसा मंजूर झाला. अभियंते जोसेफ बाझलगेट यांनी लंडनखालून मोठमोठ्या विटांच्या गटारांचं जाळं बांधलं. १८६५ मध्ये ते सुरू झालं आणि पुढच्या दहा वर्षांत पुरं झालं. त्याआधी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतालचे मृत्यू नकाशावर मांडून डॉ. जॉन स्नो यांनी पटकी पाण्यातून पसरते हे दाखवून दिलं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये १८५१ च्या जनगणनेतच निम्म्याहून अधिक लोक शहरी झाले होते. म्हणजे आधी शहर आणि मग गटार, असाच क्रम तिथेही होता.

विसाव्या शतकाच्या मध्यावर शहरी होऊ लागलेल्या देशांची गोष्ट वेगळी आहे आणि सुदैवाने वेगळी आहे. लशी, प्रतिजैविकं, हिवतापावरची फवारणी, क्लोरिन घातलेलं पाणी हे सगळं त्यांच्याकडे शहरं मोठी होण्याच्या आधी किंवा बरोबरीने पोचलं. मृत्युदर झपाट्याने उतरला, जन्मदर उतरायला मात्र वेळ लागला. मध्ये जी फट राहिली त्यातून लोकसंख्या वर्षाला दोन-अडीच टक्क्यांनी वाढली. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात ती साधारण एक टक्क्याच्या आत होती. त्यात गावाहून येणारी माणसं बहुतेक तरुण, लग्नाच्या आणि मुलं होण्याच्या वयातली. एकेका बाईला शहरात गावापेक्षा कमी मुलं होत असली तरी तरुणांचंच प्रमाण जास्त असल्यामुळे जन्म भरपूर होतात. परिणाम असा की विकसनशील देशांतल्या शहरांच्या वाढीपैकी साधारण ६० टक्के वाढ ही शहरातच जन्मलेल्या मुलांमुळे होते. राहिलेल्या ४० टक्क्यांत स्थलांतर येतं आणि शहराच्या हद्दीत घेतलेली किंवा शहर म्हणून नव्याने मोजलेली गावंही येतात.

संपादक महाशय, हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. किन्शासा हे काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाचं राजधानीचं शहर १९५० मध्ये दोन लाखांच्या आसपास होतं, २०१८ मध्ये एक कोटी तीस लाखांच्या घरात गेलं. तिथली गर्दी पाहून ‘हे सगळे गावाहून आलेले’ असं म्हणणं म्हणजे त्याच शहरात जन्मलेल्या, तिथेच शाळेत गेलेल्या, दुसरं गावच न पाहिलेल्या लाखो मुलांना परकं ठरवणं. त्यांना परत कुठे पाठवणार?

जन्म-मृत्यूच्या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. युरोपला समुद्रापलीकडे दार उघडं होतं. १८५० ते १९१४ या काळात चार कोटींहून अधिक युरोपीय माणसं अमेरिका खंडांत गेली. आयर्लंड, इटली, पोलंडच्या खेड्यांतून बाहेर पडलेल्या माणसाला स्वतःच्या देशातलं शहर हा एकच पर्याय नव्हता. आज नायजर किंवा बांगलादेशातल्या भूमिहीन तरुणाला व्हिसा लागतो, आणि तो बहुतेकांना मिळत नाही. जी माणसं शंभर वर्षांपूर्वी बोटीत बसली असती ती आज आपल्याच देशातल्या सर्वांत मोठ्या शहराच्या कडेला घर बांधतात. त्या बोटींमुळे युरोपातली शहरं किती हलकी राहिली, हे कुठल्याच तुलनेत धरलं जात नाही.

आता कारखान्यांबद्दल. विकसित देशांत उद्योगांमुळे शहरं झाली आणि विकसनशील देशांत उद्योगांशिवाय, हे विधान अर्धं खरं आहे. ‘विकसनशील’ या एका पिशवीत आपण फार निरनिराळे देश कोंबतो. दक्षिण कोरिया १९६० मध्ये जेमतेम २८ टक्के शहरी होता. १९९० मध्ये ७४ टक्के झाला. एवढा चढ चढायला ब्रिटनला शंभर वर्षं लागली. कोरियाचा वेग कुणाहीपेक्षा जास्त होता, आणि तो अपयशाचा वेग नव्हता. उल्सानसारख्या बंदरांत कारखाने उभे राहिले, गावातली मुलं-मुली तिथे कामाला लागली. त्याच काळात तिथल्या स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या सहावरून दोनच्या खाली आली. म्हणून शहरांचा टक्का चढला तरी शहरांचा श्वास कोंडला नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला आफ्रिकेतला गॅबन आहे. तिथले सुमारे ९० टक्के लोक शहरी आहेत, जर्मनी-फ्रान्सपेक्षा जास्त, आणि कारखाने नावापुरते. तेलाचा पैसा राजधानीत येतो, तिथेच सरकारी पगारांत आणि बांधकामांत खर्च होतो, त्यामागे माणसं येतात, आणि अन्न जहाजाने बाहेरून आणलं जातं. पूर्वी शहराभोवतालच्या शेतांत जेवढं उरेल तेवढंच शहर वाढू शकायचं. बंदर आणि परकीय चलन हाती आल्यावर ती मर्यादा उरत नाही. उलट युरोपातलं लिश्टेनश्टाइन पाहा: जगातल्या अतिश्रीमंत देशांपैकी एक, आणि नोंदीप्रमाणे १४ टक्के शहरी! तिथे माणसं छोट्या गावांत राहून कारखान्यांत आणि बँकांत काम करतात. तेव्हा शहरी टक्का म्हणजे विकासाचं मोजमाप, ही समजूतही काढून टाकायला हवी.

झांबियाचं उदाहरण मी मुलांना नेहमी सांगायचे, कारण त्याने सगळ्यांचा ठोकताळा मोडतो. १९६४ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश तांब्यावर उभा होता. उत्तरेकडच्या कॉपरबेल्ट पट्ट्यात खाणी, खाणींभोवती शहरं. १९८० च्या सुमारास ४० टक्के लोक शहरी, आफ्रिकेत तेव्हा हे प्रमाण फार मोठं होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तांब्याचे भाव कोसळले ते बरीच वर्षं सावरलेच नाहीत. कर्ज वाढलं, सवलती बंद झाल्या; मक्याच्या पिठाचे भाव वाढवले म्हणून १९८६ च्या डिसेंबरात त्याच खाणपट्ट्यात दंगली पेटल्या. आणि मग जे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं ते घडलं. लोक गावाकडे परतू लागले. २००० च्या जनगणनेत शहरी टक्का ३५ पर्यंत खाली आला होता. शहरात पोट भरेना म्हणून माणसांनी हिशेब केला आणि जमिनीची वाट धरली. खेडूत शहराच्या झगमगाटाला भुलतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी झांबियाचे हे आकडे जरूर पाहावेत. माणूस काम, पगार, धान्याचा भाव आणि मुलांची शाळा यांचा हिशेब करतो आणि तो हिशेब बदलला की पाय वळवतो.

श्रीमंत देशांतही शहरं वाढतच राहतात असं नाही. डेट्रॉइटमध्ये १९५० ला साडेअठरा लाख माणसं होती, २०२० ला सुमारे ६ लाख ४० हजार. जपानमधलं युबारी हे कोळशाचं शहर १९६० मध्ये एक लाखाच्या वर होतं. खाणी बंद झाल्या, २००७ मध्ये नगरपालिका दिवाळखोरीत निघाली आणि आता तिथे काही हजार माणसं उरली आहेत. जिथे जन्मच कमी आणि खेड्यात तरुणच नाहीत, तिथे एका शहराची वाढ म्हणजे दुसऱ्या शहराची घट.

मोजण्याच्या पद्धतींबद्दल थोडक्यात लिहिते, पण त्यांच्याशिवाय कुठलीच तुलना पुरी होत नाही. डेन्मार्क-स्वीडनमध्ये जवळजवळ घरं असलेली २०० माणसांची वस्ती शहरी धरली जाते. जपानमध्ये शहराचा दर्जा मिळायला साधारण ५० हजारांची वस्ती लागते. भारताच्या जनगणनेत नगरपालिका नसलेलं गाव शहरी ठरायला किमान ५ हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, अशा तीनही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. २००१ मध्ये अशी गावं १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. तिथली माणसं कुठेही गेली नव्हती, गावाने जागच्या जागी रूप बदललं आणि मोजणीत ते शहर झालं. श्रीलंकेत १९८७ मध्ये छोट्या शहरांच्या नगरसभा रद्द करून त्यांचा भाग ग्रामीण संस्थांना जोडला, तेव्हापासून तो देश कागदावर १८ टक्क्यांच्या आसपासच शहरी दिसतो. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात हजारोंच्या वस्तीची दाट गावं अजून खेडी म्हणून नोंदली जातात. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत किमान वस्तीची अट २,५०० वरून ५ हजारांवर नेली आणि तिथला शहरी टक्का ८०.७ वरून ८० वर आला. २०२० मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने वस्तीची घनता आणि संख्या यांवर आधारलेली एक समान पद्धत मान्य केली. त्या पद्धतीने पाहिलं तर आशिया आणि आफ्रिका राष्ट्रीय आकड्यांपेक्षा बरेच अधिक शहरी निघतात. म्हणजे ज्या देशांना आपण ‘आता कुठे शहरी होऊ लागलेले’ म्हणतो त्यांतले काही केव्हाच शहरी झालेले आहेत. तिथे पाणी-गटाराची सोय करायची जबाबदारी ज्यांची होती त्यांना ते गाव आहे म्हणून हात झटकता आले, एवढंच.

चुकीच्या कारणातून चुकीचा इलाज निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१३ च्या पाहणीत जगातल्या जवळपास ८० टक्के सरकारांची खेड्यातून शहरात होणारं स्थलांतर कमी करण्याची धोरणं होती. अशा धोरणांचा इतिहास काय सांगतो? दक्षिण आफ्रिकेने काळ्या माणसाला शहरात फिरायला पास लावला; लाखो लोकांना तुरुंग दाखवला आणि शेवटी १९८६ मध्ये तो कायदा मोडीत काढावा लागला. जकार्ताच्या गव्हर्नरांनी १९७० मध्ये शहर नव्या येणाऱ्यांसाठी बंद जाहीर केलं. १९७१ च्या जनगणनेत तिथे ४५ लाखांच्या आसपास माणसं होती, १९८० मध्ये ६५ लाख. चीनने १९५८ पासून हुकोऊ म्हणजे जन्मगावाशी बांधलेली कुटुंबनोंद सक्तीची केली. तिथे आज शहरात राहणारे आणि शहराची नोंद असलेले यांच्यात मोठी दरी आहे: २०२० मध्ये ६३.९ टक्के लोक शहरात राहत होते, पण शहराची नोंद ४५.४ टक्क्यांकडेच. मधल्या कोट्यवधी माणसांनी शेन्झेनसारखी शहरं बांधली, आणि शहरातली शाळा व दवाखाना यांचा पूर्ण हक्क त्यांनाच नाही. कितीतरी मुलं आजी-आजोबांजवळ गावात वाढतात, आई-बाप वर्षातून एखाद्या वेळी भेटतात. आकडेवारीत याला नागरीकरण म्हणतात; मला ते सांगताना वर्गात नेहमीच जड जायचं.

उलट बाजूने, नुसत्या शहरात नोकऱ्या वाढवूनही प्रश्न सुटत नाही. केनियात १९६४ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटनांनी मिळून नोकऱ्या वाढवण्याचा करार केला. बेकारी कमी होईल अशी अपेक्षा होती. पण नोकरीची आशा वाढल्याबरोबर गावाकडून आणखी माणसं आली. अर्थशास्त्रज्ञ जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताला अशाच अनुभवाचा आधार होता: माणूस आजच्या पगाराकडे बघत नाही, मिळू शकणाऱ्या पगाराकडे बघतो. म्हणून गावातल्या रस्त्यावर, शाळेवर, शेतमालाच्या भावावर केलेला खर्च महत्त्वाचा आहे. पण तो माणसांना रोखण्यासाठी करू नये, गावातल्या माणसाचा तो हक्क आहे म्हणून करावा. शिकलेली मुलगी गाव सोडून जाणारच असेल तर तिने निदान शिकून जावं.

राहता राहिली शहरांची तयारी. वाढीचा ६० टक्के भाग शहरातल्या जन्मांचा असेल, तर तो थोपवायचा मार्ग प्रसूतिगृहातून, मुलींच्या शाळेतून आणि कुटुंबनियोजनाच्या साधनांतून जातो. नाक्यावर पोलीस उभे करून काही होत नाही. आणि आफ्रिकेतल्या शहरांसारखी वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ असेल, तर वीस वर्षांत शहर दुप्पट होतं हे आज कळतंय. तेव्हा त्या वीस वर्षांसाठी लागणाऱ्या रस्त्यांच्या, जलवाहिन्यांच्या आणि सांडपाण्याच्या जागा आजच आखून, मोकळ्या ठेवाव्या लागतील. घरं लोक स्वतः बांधतात. पण एकदा घरं उभी राहिल्यावर त्यांच्यामधून गटार काढायला ती पाडावी लागतात. लंडनने नाकाशी आल्यावर गटार बांधलं तेव्हा त्याच्याजवळ साम्राज्याचा पैसा होता. आज वाढणाऱ्या शहरांना तेवढा उशीर परवडणारा नाही.

माझी आपल्याला एक विनंती आहे. यापुढे नागरीकरणाचे आकडे छापताना ते टक्क्यातले की माणसांच्या संख्येतले, कुठल्या वर्षाचे आणि कुणाच्या व्याख्येने मोजलेले, हे शेजारी लिहावं. शहराच्या वाढीची बातमी असेल तर त्यातली किती वाढ जन्मांमुळे, किती स्थलांतरामुळे आणि किती हद्दवाढीमुळे, हे वार्ताहराने विचारावं. जनगणनेच्या कचेरीत ही माहिती मागता येते. एखाद्या देशाची आकडेवारी एवढं सांगू शकत नसेल तर तेही छापावं. तीसुद्धा वाचकांच्या दृष्टीने बातमीच आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका